आर्वी रोडवरचा क्लास

"नापास? माह्या पोराले?" भाऊसाहेब माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकून उभे होते. "त्याचा गाडीवरचा हात पाहिला काय तुम्ही?"

"हात चांगला आहे. नापास दुसऱ्या गोष्टीसाठी केलंय."

मी तेव्हा वर्ध्याला मोटर इन्स्पेक्टर होतो. लायसन्स मागणाऱ्याच्या शेजारी बसायचं, गाडी चालवायला लावायची आणि पास की नापास ते ठरवायचं. अपघात झाला की गाडीचे ब्रेक, स्टिअरिंग तपासायचं कामही माझंच. भाऊसाहेबांची कापसाची जिनिंग फॅक्टरी होती. त्यांनी लष्कराच्या लिलावातून एक जीप घेतली होती. अशा गाड्यांना आम्ही 'डिस्पोजलच्या' म्हणायचो. त्यांचा किशोर नुकताच अठराचा झाला होता. जीप सफाईने चालवायचा. पण टेस्टच्या वेळी आर्वी रोडवर पुढे कापसाच्या बैलगाड्या चालल्या होत्या आणि पोराने वेग जराही कमी केला नाही. नुसता हॉर्न दाबून धरला. एका गाडीचे बैल बिथरून शेतात उतरले.

"स्लो का नाही केलीस?" मी विचारलं.

"हॉर्न देल्ला ना, साहेब. बाजूले होणं त्याईचं काम."

असं बोलणारा तो एकटा नव्हता. बापाची जीप नाहीतर मोटरसायकल पळवणारी मॅट्रिकची पोरं शहरात बरीच होती. शाळेच्या हेडमास्तरांना विचारून मी त्यांच्यासाठी रविवारी क्लास सुरू केला. किशोरला सांगितलं, क्लासला ये, मग पुन्हा टेस्ट घेतो. ब्रेक दाबल्यावरही गाडी बरंच अंतर पुढे जाते, हे मी फळ्यावर काढून दाखवलं. पोरं जांभया देत होती.

मग मी आंजी गावच्या सीतारामला बोलावलं. तो भाऊसाहेबांच्याच जिनात कापूस आणून टाकायचा. त्याच्या रिकाम्या गाडीवर पोरांना बसवलं. कासरा किशोरच्या हातात दिला आणि ओळखीच्या ट्रक ड्रायव्हरला मागून हॉर्न देत यायला सांगितलं. ट्रक अजून बराच मागे होता, तरी बैल उधळले. गाडी कलली. सीतारामने झेप घेऊन कासरा ओढला, म्हणून गाडी नालीत गेली नाही. किशोरच्या तळहातांची सालटी निघाली होती.

सीताराम बैलांच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "बापू, बैलाले हॉर्न कुठं समजते? त्याले वाटते, जीवच घ्याले आलं कोनी."

पुढच्या टेस्टला किशोर एका बैलगाडीच्या मागे, रस्ता मोकळा मिळेपर्यंत मुकाट्याने चालला. मी पास केलं.

कापसाचा हंगाम भरात होता. एका सकाळी ठाण्यातून निरोप आला, अपघात झालाय, भाऊसाहेबांची जीप तपासायला या. सीताराम मेला होता. एक बैलही गेला होता. पोलिसांच्या कागदात ड्रायव्हर म्हणून नाव होतं भाऊसाहेबांच्या नोकराचं, नामदेवचं.

मी जीपखालून बाहेर आलो, तर किशोर समोर उभा.

"साहेब, गाडी मी चालवत होतो. नामदेव तं घरी होता."

आंजीकडून येताना भाऊसाहेब शेजारी बसले होते. त्यांना स्टेशनवर रेल्वेगाडी पकडायची होती. पुढे सीतारामची बैलगाडी होती, म्हणून किशोरने स्लो केलं.

"बाबा म्हणे, रांगून काऊन राह्यला? काढ बाजूनं. मी म्हटलं, समोरून ट्रक येऊन राह्यला. तं म्हणे, मी सांगून राह्यलो ना, काढ!"

त्याने जीप बाहेर काढली. ट्रक अंगावर आला, तशी त्याने ती आत घेतली आणि ती थेट बैलगाडीवर आदळली.

मी त्याला हाताला धरून ठाणेदारांपुढे नेलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "ब्रेक कसे आहेत?"

"ब्रेक ठीक आहेत. पण हा काय सांगतोय..."

"मग ब्रेक ठीक आहेत, एवढंच लिहा. पोरगा घाबरला आहे. त्याचे वडील न्यायला येऊन राह्यले."

मी रिपोर्टात सगळं लिहिलं. नागपूरच्या वरिष्ठ साहेबांनी मला बोलावून घेतलं.

"तुमच्याकडून गाडीचा रिपोर्ट मागवला होता, माणसांचा कोणी मागवला?"

"गाडी माणूसच चालवतो, साहेब."

"ते कोर्ट पाहील."

कोर्टाने काहीच पाहिलं नाही, कारण माझ्या रिपोर्टाचं ते पान तिथवर पोचलंच नाही. किशोरला अमरावतीला मामाकडे धाडलं. नामदेवला सजा झाली. माझी बदली झाली.

जाण्याआधी मी आंजीला सीतारामच्या घरी गेलो. त्याची बायको ओट्यावर बसली होती.

"तुमच्या क्लासातलाच पोट्टा होता म्हणते?"

"हो."

"मंग काय शिकवलं तुम्ही त्याले?"

पोराला बरोबर शिकवलं होतं, त्याने ब्रेकही लावला होता, हे त्या बाईला कोणत्या तोंडाने सांगणार? मी हात जोडले आणि निघालो.

बदलीच्या गावी कोवळ्या पोराची टेस्ट असली की मी बापालाही मागच्या सीटवर बसवायला लागलो. 'काढ पुढं' म्हणत बहुतेक बाप पहिल्या वळणाआधीच नापास व्हायचे. पण तसं लिहायला फॉर्मात जागा नव्हती.