पितळेचे जोड

माझा हात लवकर उठतो. आमच्या निघोजे गावात हे सगळ्यांना माहीत आहे, कंपनीतही माहीत आहे, आणि तो सगळ्यात जास्त उठला माझ्या मुलावर. दोन वर्षांपूर्वी साहेबांच्या हातापाया पडून मी त्याला चाकणला, आमच्याच कंपनीत, अप्रेंटिस म्हणून चिकटवला. आठ दिवसांत त्यानं काम सोडलं आणि आकुर्डीत शोभेच्या माशांच्या दुकानात लागला. ओळखपत्र परत करायला आला तेव्हा कंपनीच्या पार्किंगमध्ये, शिफ्ट सुटताना, सगळ्यांसमोर मी त्याला लोळवून मारलं. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलत नव्हता. मला काही सांगायचं असेल तर आईला सांगायचा, मी समोर बसलेला असलो तरी.

त्याची समुद्री माशांची टाकी आमच्या हॉलमध्ये होती, दिवाणाएवढी लांब. दोन नारिंगी मासे, पाचसहा लाल कोळंब्या, थोडं प्रवाळ, दगडांना चिकटलेल्या गोगलगाई. खालच्या कपाटात पंप. ते कपाट त्यानं स्वतः ठोकलेलं. मला त्या टाकीचा राग यायचा. सांगायला लाज वाटते, पण पोराला बापापेक्षा कोळंब्यांचा लळा जास्त, याचा राग यायचा.

यंदा एप्रिलमध्ये घर असं तापलं की टाकीतलं पाणी एकतीसवर गेलं. त्याला पाहिजे असायचं पंचवीस-सव्वीस. पगार साठवून त्यानं चिलर आणला, म्हणजे पाणी थंड करणारं मशीन, लहान सूटकेसएवढं. पण जोडायच्या आधीच त्याला दुकानाच्या मालकाबरोबर माल आणायला चेन्नईला जावं लागलं. जाताना आईला सांगून गेला, फ्रीजमध्ये गोठवलेल्या बाटल्या टाकीत सोडत राहा, रविवारी येऊन मी जोडतो, आणि त्यांना हात लावू देऊ नको. ‘त्यांना’ म्हणजे मला.

गुरुवारी कंपनीची सुट्टी, आणि त्या आठवड्यात मला रात्रपाळी. नेमकी त्या दुपारी लाइट गेली. परत आली तेव्हा बाटल्यांचं पाणी झालेलं आणि टाकीत तेहतीस. मासे वर येऊन तोंडं उघडत होते.

“आवो, त्याला फोन लावा की,” बायको म्हणाली.

“माझा उचलतो का तो?”

“मग मी लावते. कशाला हात लावायचा न्हाई म्हणलाय तो.”

“बावीस वर्सं चिलर जोडतोय मी. मला शिकवू नको.”

ते खरंच होतं. कंपनीत मशीन गार ठेवणाऱ्या पाण्याचे, म्हणजे कूलंटचे, सगळे चिलर माझ्याच हातचे. पण मी उठलो ते वेगळ्याच कारणानं. पोरगं परत येईल, पाणी गार बघेल आणि निदान एकदा पप्पा म्हणेल, एवढीच माझी हाव होती.

खोक्यात मऊ नळी आणि प्लास्टिकचे जोड होते. मला हसू आलं. असली नळी कंपनीत दहा मिनिटं टिकली नसती. मी ती गोळा करून अंगणात फेकली आणि माझी पेटी काढली. पितळेची निपलं, पितळेचे व्हॉल्व्ह, तांब्याची नळी. बापाचं काम कसं असतं ते त्याला दाखवायचंच होतं. कपाटाच्या पाठीला ड्रिल लावलं तर प्लाय तडकला, म्हणून लाथ घालून भोक मोठं केलं. पंपाचा नट वळेना, त्याला हातोड्यानं दणके दिले. एकेक जोड पाइपपान्यानं असा आवळला की चिलरचं प्लास्टिक करकरायला लागलं. पाना निसटून बोटांची सालं गेली, तर त्याच रक्ताळल्या हातानं पुढचा जोड आवळला. बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. पाणी सोडलं. एक थेंब गळाला नाही.

रात्रीच्या जेवणापर्यंत आकडा सव्वीसवर आला. मासे खाली गेले. मी बायकोला म्हणालो, आता बघ. त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

शनिवारी सकाळी एक कोळंबी उताणी पडून पाय झाडत होती. मी म्हणालो, म्हातारी असेल. दुपारी आणखी दोन. संध्याकाळी गोगलगाई दगडांवरून गळून पडल्या, प्रवाळ आक्रसून गेलं आणि पाण्याला वास मारायला लागला. त्याला फोन ना मी केला, ना बायकोनं.

रविवारी सकाळी तो आला. बॅग खाली ठेवली, कपाटाचं दार उघडलं आणि उकिडवा बसून आत बघत राहिला. मग आईकडं वळून म्हणाला, “पितळ लावलंय. तांबंपण. खाऱ्या पाण्यात तांबं उतरतं, आई. कोळंबीला ते विष असतं.”

तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो शांतपणे बोलला आणि त्याचं खरं आहे हे मला लगेच कळलं. कूलंट कुठं आणि समुद्राचं पाणी कुठं. मी मारल्या होत्या त्या सगळ्या. आणि ते कळल्याबरोबर माझा हात उठला.

पहिली कानशिलात बसली. दुसरीत त्याचं डोकं टाकीच्या लोखंडी स्टँडवर आपटलं. उरलेल्या तांब्याच्या नळीचा तुकडा तिथंच पडला होता, तो उचलून मी त्याच्या पाठीवर हाणायला लागलो. “तुझ्यासाठीच केलं हाय ना, तुझ्यासाठीच,” असं ओरडत हाणत होतो. बायको मधे पडली, एक फटका तिच्या मनगटावर बसला, तरी मी थांबलो नाही. थांबलो तो दम लागला म्हणून. त्यानं एकदाही हात उगारला नाही. चूक माझी होती आणि मार तो खात होता, हे हाणतानाही मला कळत होतं.

तो उठला. बाहीनं तोंड पुसलं, पंप बंद केला आणि कोपऱ्यातली बादली माझ्याकडं सरकवली.

“बादली धरा, पप्पा,” तो म्हणाला.

दोन वर्षं ज्या शब्दासाठी मी जीव टाकत होतो, तो रक्तानं भरलेल्या तोंडातून आला. मी बादली धरली. त्यानं कॅनमध्ये साठवलेलं खारं पाणी तिच्यात ओतलं आणि जाळी घेऊन मासे धरायला लागला. ओठाचं रक्त टाकीत ठिबकत होतं. ते दोन मासे सापडेपर्यंत माझे हात भरून आले, पण मी बादली खाली ठेवली नाही.

“जगतील का?” मी विचारलं.

“हे दोघं जगतील. माशांना थोडं सोसतं.”

मेलेल्या कोळंब्या त्यानं हातानं वेचून पेपरवर ठेवल्या. मग चार कपडे बॅगेत भरले. आकुर्डीत दुकानातल्या मित्राची खोली होती, तिकडं जातो असं आईला म्हणाला. ती पदर तोंडाला लावून बसली होती.

“राहा,” मी म्हणालो. “परत न्हाई मारणार.”

“मागच्या वेळीपण हेच म्हणाला होतात,” बुटाची नाडी बांधत तो म्हणाला.

त्यानं बादली स्कूटरवर पायांमध्ये ठेवली. चाकणच्या रस्त्याला खड्डे इतके की फाट्यापर्यंत निम्मं पाणी सांडलं असतं, आणि बादलीचं झाकण तर घरातच राहिलेलं. मी ते घेऊन पळत बाहेर गेलो आणि हात लांब करून त्याच्यापुढं धरलं. माझ्यापेक्षा चार बोटं उंच झालेला पोरगा. माझा हात येताना बघून त्यानं डोळे मिटले, मान खांद्यांत घेतली आणि दोन्ही हात बादलीवर आडवे धरले.