चांदीपचा किडा आणि त्याचं नाव

कीटक पकडायचं जाळं मी स्वतः शिवलेलं: जुनी मच्छरदाणी, जाड तारेची कडी, कळकाची दांडी. पंख पसरून वाळवायची भेंडाची फळी माझ्या हातची. काचेच्या झाकणाची सागवानी पेटीही माझीच, सांध्यात कागद सरकणार नाही अशी. पेटीवर ऑइलपेंटने रंगवलेलं ‘कंदीलकीटक’ हे नावही माझंच. कीटक तेवढा बाकी होता.

“पोर व्हायच्या आधी पाळण्यावर नाव कोरणारा बाप मी पहिलाच बघते,” माझी बायको रोझी म्हणाली.

नालासोपाऱ्याच्या बाजारात भाजी विकणारे चांदीप गावचे गोविंदभाऊ बोलले होते, त्यांच्या आंब्यावर लांब सोंडेचा रंगीत किडा बसतो. पुस्तकात इंग्रजी नाव कंदिलावरून पडलेलं, कारण सोंड म्हणे अंधारात उजळते. मराठी नाव कुठेच नाही. आठ दिवसांवर गावचा सण, चर्चच्या आवारात छंदांचं प्रदर्शन. तिथे खोट्या नावाची पेटी मांडण्यापेक्षा मी ती विहिरीत टाकली असती. म्हणून ब्याऐंशीच्या दसऱ्यानंतर आम्ही निघालो.

आमच्या गास गावाहून सायकल, रोझी कॅरियरवर. रेल्वेचं फाटक ओलांडून आचोळ्यापर्यंत रस्ता बरा, पुढे खडीच खडी. पंक्चरचं सामान जवळ असू द्या. हायवेवरच्या टपरीत चहा चार आणे, पण कप गळ्यापर्यंत भरत नाहीत. खायला घरची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, न्यावी, चढावर तीच कामी येते.

गोविंदभाऊंनी थेट आंब्याखाली नेलं. खोडावर तो बसला होता: हिरवट पंखांवर पिवळे ठिपके, तांबूस सोंड आभाळाकडे, सोंडेवर पांढरे बारीक थेंब. बोट जवळ नेलं की खोडामागे आडवा सरकायचा.

“उजेड कधी पडतो?” मी विचारलं.

“उजेड? त्याच्या नाकात?” भाऊ हसले. “दादा, तसा असता तर आमी रॉकेल कशाला आनलं असतं?”

तरी अंधार पडेपर्यंत मी खोडासमोर बसून राहिलो. सोंड काळीच राहिली.

“तुमचा कंदील विझला,” रोझी म्हणाली.

मी मग नवी नावं सुचवू लागलो: दीर्घशुंड, चित्रपंख. रोझीने अडवलं. “अहो, आपल्यात बाप्तिस्म्याला नाव ठेवताना बाळ धर्ममातेच्या हातात असतं. तुम्ही याला आज बघताय. हिराबाई रोज बघतात.”

गोविंदभाऊंच्या बायको हिराबाई भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “नवरदेव. मुंडावळ्या बघा त्याच्या. आनि नाक वर. आमचे हे मांडवात असेच बसलेले.”

“नि तू पायलंस का मान वर करून?” भाऊ म्हणाले.

परतताना डायनमोचा दिवा लावून मी पायडल मारत होतो आणि मागे रोझी एकटीच हसत होती.

घरी टर्पेंटाइनने जुनं नाव पुसलं. गोविंदभाऊंनी दिलेला, खोडाखाली मरून पडलेला एक कीटक पेटीत टाचला. रंग फिका झाला होता, सोंड मात्र शाबूत. खाली लिहिलं: नवरदेव, नाव ठेवणाऱ्या हिराबाई, चांदीप.

प्रदर्शनात मुंबईचा एक शोभेच्या वस्तूंचा दुकानदार पेटीपाशी थांबला. सोंडेच्या टोकाला चमकीचा ठिपका द्या, खाली ‘कंदीलकीटक’ लिहा, लगेच नेतो, म्हणाला. मी नाही म्हटलं. तो देत होता दीडशे रुपये.