नेरिसच्या वहीतला उजवा हात

गेथिनला फेफऱ्याचा झटका आलेला मी पहिल्यांदा पाहिला तो आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत. रांगेत माझ्यापुढे उभा होता. पाव मागता मागता त्याची मान डावीकडे वळली, कुणी कान धरून वळवावी तशी. डावा हात वर गेला, मूठ आवळली, घशातून रेड्यासारखा आवाज निघाला आणि काचेच्या कपाटाचा चुरा झाला. मग तो खाली पडून लाथा झाडत राहिला. बेकरीवालीच्या नडगीवर एक बसली, ती पंधरा दिवस लंगडत होती. सगळं मिळून अर्धं मिनिट. उठला तेव्हा केसांत काचा, हनुवटीवर रक्त, आणि मलाच विचारतो, "माझा पाव कुठाय?"

पण ही गोष्ट त्याची नाही, त्याच्या बायकोची आहे. नेरिस शाळेत माझ्या दोन वर्ग मागे. एकदा एका मुलानं तिची वेणी ओढली, तर तिनं हॉकीची काठी त्याच्या पाठीत मोडली होती. पुढे त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. रोज तीनशे पोरांचे बटाटे उकडायचे, पातेली उचलायची, आणि हसायची अशी की पार मैदानापर्यंत ऐकू जावं. चोविसाव्या वर्षी तिनं गेथिनशी लग्न केलं. तो आमच्या रग्बी संघात पुढच्या फळीत खेळायचा आणि भंगार गाड्यांच्या वखारीत कामाला होता. त्याचा उजवा हात अख्ख्या खोऱ्यात नावाजलेला. समोरच्या संघातल्या दोघांची नाकं त्यानं फोडली, त्या दिवशी क्लबात लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

लग्नानंतर तोच हात नेरिसवर पडू लागला. जेवण गार झालं म्हणून, संघ हरला म्हणून, कधी कशाहीवरून. एकदा जबडा, एकदा कान, एकदा खणात तिची बोटं घालून खण लावून घेतला. आमच्या ओळीतल्या घरांच्या भिंती इतक्या पातळ की शेजारची किटली शिटी मारायला लागली की आपण उठतो. आणि आमची रीत अशी, की भिंतीपलीकडून आपटाआपट ऐकू आली तर दुसऱ्या दिवशी विचारायचं, "झटका आला होता का गं?" तिनं म्हणायचं, "हो ना, मोठाच होता." झालं. आजार खरा होता, सगळ्यांनी पाहिलेला होता, त्यामुळे त्या पांघरुणाखाली काहीही मावायचं. तिची सासू एलिनेड तर सरळ सांगायची, "झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी. दोष त्याच्या डोक्यात आहे, त्याच्यात नाही."

मीही विचारायचे. भिंतीला भिंत लागून राहणारी, इस्पितळात मेंदूचे फोटो काढण्याचं काम करणारी मी, डेलिथ, तीसुद्धा कुंपणावरून विचारायची. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

इस्पितळानं नेरिसला एक वही दिली होती. झटका आला की तारीख, वेळ, सुरुवात कुठल्या बाजूनं, किती वेळ, असं लिहायचं. खरे झटके बहुतेक वखारीत नाहीतर बसमध्ये यायचे. ते कोण टिपून ठेवणार? पण नेरिसच्या अंगावरचे वळ गेथिनवर उपचार करणाऱ्या डॉक्टर पॅरीबाईंना दिसायचे, त्या विचारायच्या, मग वळांचा हिशेब वहीत लागायला हवा. म्हणून ती लिहायची, "मंगळवार, संध्याकाळी सहा. उजवा हात. अर्धं मिनिट. मला लागलं." सहा वर्षांत अशा चाळीसेक नोंदी झाल्या. वहीवर विश्वास ठेवणाऱ्याला वाटावं, या माणसाचा झटका उजव्या हातातून सुरू होतो.

उजवा हात मेंदूची डावी बाजू हलवते, एवढं आमच्याकडे झाडूवाल्यालाही ठाऊक असतं. फोटो तपासणारे डॉक्टर लोमस हातात पॅरीबाईंची चिठ्ठी घेऊन बसायचे. चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं, "उजवा हात, डावी बाजू नीट पाहावी." ते बिचारे डावी बाजू तांदूळ निवडल्यासारखी निवडायचे. तीन वेळा फोटो काढले, तिन्ही वेळा अहवाल आला, नॉर्मल. जागा सापडत नाही तोवर कुठलाही सर्जन हात लावत नाही. चार तऱ्हेच्या गोळ्या झाल्या, एकीचाही उपयोग झाला नाही.

तिसऱ्या खेपेला तर त्याला मशीनच्या नळीतच झटका आला. तोंडावर मशीनचा पिंजरा बसवलेला, आणि आत डाव्या मुठीचे दणके. मी धावत जाऊन त्याला बाहेर ओढलं. त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं, ओठ फाटला. टाके घालून परत आले आणि आम्ही नेहमी लिहितो तेच रजिस्टरात लिहिलं, "रुग्ण हलला. फोटो पुन्हा काढले." हात कुठला, याला रजिस्टरात रकाना नाही, म्हणून मी लिहिलं नाही.

त्या शरद ऋतूत तो वखारीत पडला. गाड्या चिरडणाऱ्या यंत्राचा जबडा डोक्यापासून हातभर लांब होता. चालकानं वेळेवर यंत्र बंद केलं. कपाळ मात्र लोखंडावर आपटून हाडापर्यंत उघडलं. पॅरीबाई स्पष्टच म्हणाल्या की पुढच्या खेपेला तो उठेलच असं नाही. त्या दिवशी नेरिस माझ्या स्वयंपाकघरात बसली होती. चहा गार झाला तरी कप उचलेना.

"खरं सांगू, डेलिथ? वखारीतून फोन आला तेव्हा वाटलं, सुटले. मग ते म्हणाले, जिवंत आहे. तेव्हा रडले. कशासाठी रडले ते विचारू नकोस."

त्याच महिन्यात आमच्याकडे संगणकाचा नवा प्रोग्राम आला. तो मेंदूची एकेक घडी शेकडो निरोगी माणसांच्या घडीशी ताडून पाहतो. त्याला चिठ्ठी वाचता येत नाही, वहीही नाही. गेथिनचे जुने फोटो त्यात घातले, तर उजव्या बाजूला, पुढे, एका घडीच्या तळाशी वाटाण्याएवढी जागा रंगली. तिथलं मेंदूचं साल जरा जाड, कड जरा पुसट. लोमसांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तीनदा माझ्या नाकासमोरून गेलाय हा ठिपका," ते म्हणाले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

पण प्रोग्रामही चुकतो. चांगल्या भल्या मेंदूतही तो ठिपके दाखवतो. ठिपका उजवीकडे आणि वही म्हणते उजवा हात, म्हणजे दोन्हींचा मेळ बसेना. अशा वेळी ऑपरेशन नाही. फार तर डाव्या बाजूनं कवटी उघडून, आत तारा घालून शोधायचं, म्हणजे भलत्याच घरात चोर शोधायचा. पॅरीबाईंनी नवराबायकोला बोलावलं. नेरिस मला म्हणाली, "तू चल."

पॅरीबाईंनी वही उघडी ठेवली. "नेरिसबाई, शेवटचं विचारते. झटका सुरू होताना हात कुठला उठतो?"

"उजवा," गेथिन म्हणाला. "लिहिलंय ना तिनं."

"तुम्हाला त्या वेळी शुद्ध नसते. मी त्यांना विचारतेय."

नेरिसनं त्याच्याकडे पाहिलं नाही. "डावा," ती म्हणाली. "उजव्या हाताच्या सगळ्या नोंदी खोडा, डॉक्टर. ते झटके नव्हते. तेव्हा तो माझं नाव घेऊन शिव्या देत होता."

"डोकं फिरलंय हिचं," गेथिन म्हणाला.

"डावाच," मी म्हणाले. "बेकरीत पाहिला, मशीनमध्येही पाहिला." एवढे दोन शब्द बोलायला मला सहा वर्षं लागली.

पॅरीबाईंनी त्याला बाहेर पाठवलं. त्या नेरिसला म्हणाल्या, "झटक्यात माणूस नेम धरून मारत नाही, नाव घेऊन तर नाहीच. तुम्हाला आज घरी जायचं नसेल तर सोय आहे."

"आधी त्याचं डोकं बरं करा," नेरिस म्हणाली. "कोण जाणे, त्या वाटाण्यामुळेच तो असा असेल. एकदा निघू दे. मला बघायचंय." तिच्या त्या आशेचा मला राग आला.

गाड्या लावायच्या जागेत, मी पार्किंगचे पैसे भरायला गेले तेवढ्यात, त्यानं तिचं डोकं गाडीच्या दारावर आपटलं. मी परतले तर ती भुवईवर हातरुमाल धरून चालकाच्या जागी बसलेली. त्याला कायद्यानं गाडी चालवता येत नव्हती, म्हणून तिनंच त्याला घरी नेलं.

फेब्रुवारीत त्यांनी उजव्या बाजूनं तारा घालून खात्री केली आणि वाटाणा काढला. झटके थांबले. एक आठवडा, चार आठवडे, दहा आठवडे. एलिनेडनं तव्यावरचे गोड केक करून अख्ख्या ओळीत वाटले. गेथिन मऊ झाला होता, भांडीसुद्धा घासायचा. नेरिसचं हसणं पुन्हा भिंतीतून यायला लागलं. मलाही वाटलं, खरंच वाटाणाच होता की काय.

मे महिन्यात, शनिवारी भर दुपारी, त्याला गाडीची किल्ली हवी होती. वर्षभर झटका आला नाही तरच परवाना मिळतो. नेरिसनं किल्ली ॲप्रनच्या खिशात घातली आणि नाही म्हणाली. मला खुर्ची पडलेली ऐकू आली, मग ताट फुटलेलं, मग माणूस भिंतीवर आदळतो तो आवाज. एकदा नाही, तीनदा. मी तशीच धावले.

नेरिस दारातल्या पायरीवर बसली होती. तळहातावर दात, हनुवटीवरून रक्त गळ्यात उतरत होतं. आत गेथिन नळाखाली उजवी मूठ धरून उभा होता. ओळीतली सगळी दारं उघडली होती, एलिनेडही आपल्या दारात आली होती. आणि एवढं सगळं माहीत असून माझ्या तोंडून निघालं, "झटका आला का गं त्याला?"

ती चौकट धरून उठली. सगळ्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नाही. झटके बरे झाले त्याचे. हा गेथिन आहे."

मग तिनं माझा फोन मागून घेतला आणि पोलिसांचा नंबर स्वतः लावला.