दूतावासाचं अनुदान आणि दादूचा अबोला

पाहुणे आले त्या दिवशी सकाळपासून वारं सुटलं होतं. ऊन नावाला, आभाळ धुरकट, आणि माळावरची माती उठून सरळ तोंडात. असलं वारं सुटलं की तासगावकडचे बेदाण्याच्या शेडवाले धावत सुटतात, कापडं बांधतात. आमच्याकडं जिल्ह्याच्या पूर्वेला बांधायला काही नसतं. आम्ही पटका घट्ट करतो, झालं.

ह्या अनुदानाच्या भानगडीतले किस्से इतके साठलेत, की मेंढरं कातरल्यावर लोकरीचा ढीग पडतो तसं झालंय. एक ओढावा तर चार चिकटून येतात. हाताला लागतील तेवढे सांगतो. गडबड काही नाही.

आधी दादूचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमचं धनगरांच्या गजी नाचाचं मंडळ सोळा जणांचं. मी ढोल वाजवतो आणि दादू कैताळ, म्हणजे मोठ्या झांजा. दादू माझा शेजारी. दोन्ही घरांना मधली भिंत एकच. मिसरूड फुटल्यापासून माझ्या ढोलाला त्याच्याच कैताळाचा जबाब.

कोरोनाच्या पहिल्या साली त्या भिंतीपलीकडून त्याचा खोकला ऐकू आला. मी जाऊन आशाताईला सांगितलं. सांगायला पाहिजे होतं का नव्हतं, ते मला अजून उमगलेलं नाही. दादूला गावच्या शाळेत चौदा दिवस ठेवलं. आणि निघालं काय? मातीचा खोकला!

तो आत असताना मी त्याच्यासाठी घोंगडं घेऊन शाळेच्या गेटपर्यंत गेलो होतो. ते राखणदाराच्या हातून तसंच परत आलं. वर निरोप, "त्याला म्हणावं, तुझ्या घोंगड्यापरास फरशी बरी!"

तेव्हापासून दादू माझ्याशी एक शब्द बोलला नाही. जत्रा बंद, ढोल बंद, दादूही बंद. पुढं जत्रा उघडल्या. दादू काही उघडला नाही, आणि कैताळाशिवाय गजी म्हणजे नुसतं उड्या मारणं. मंडळ मोडलं. ढोलाचं कातडं फाटलं ते फाटलंच राहिलं.

*

मग सांगलीहून एका संस्थेच्या शुभांगीताई आल्या. म्हणाल्या, "दिल्लीत एक दूतावास आहे. कोरोनात बंद पडलेल्या कला पुन्हा उभ्या राहाव्यात म्हणून अनुदान देतो. शिवाय त्यांची एक कलाकार इकडं येईल. तुमचं शिकेल, तिचं तुम्हाला शिकवेल."

देशाचं नाव मला नीट घेता येत नाही. चुकीचं घेण्यापेक्षा न घेतलेलं बरं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. दादू माझ्या अगदी समोर उभा होता. तो मंडळातल्या सिदाकडं वळून म्हणाला, "सिदा, त्येला सांग. वाजवीन. बोलणार न्हाई!"

सिदा कुपवाडात कारखान्यात होता, त्यामुळं मंडळाची कागदपत्रं पहिल्यापासून त्याच्याकडं. त्या दिवसापासून निरोपही त्याच्याकडंच आले. मला अनुदानाचं फारसं काही नव्हतं. दादूच्या शेजारी पुन्हा उभं राहायला मिळणार, एवढ्यावर मी खूश होतो. बोलेल कधीतरी, म्हटलं.

*

अर्जासोबतच्या कागदावर सोळा जणांच्या सह्या पाहिजे होत्या. आमच्यातले नऊ अंगठेवाले, मी धरून. सिदाच्या ट्रंकेतलं शाईचं पॅड वाळून खापर झालेलं.

सिदा म्हणाला, "शाई कशाला? भंडारा हाय की!"

तेलात भंडारा कालवला आणि नऊ पिवळेधमक अंगठे उमटवले. ते बघून सह्यावाले रुसले. "देवाचा भंडारा हाय, मग आमीच का म्हागं?" त्यांनीही अंगठे दिले. एकाला आपला नीट उठला नाही असं वाटलं, त्यानं दोनदा दिला. शुभांगीताईंनी कपाळाला हात लावला, पण पोस्टाची वेळ झाली होती. गेला कागद तसाच.

पंधरा दिवसांनी दिल्लीहून उत्तर आलं. "आपण पाठवलेलं चित्र फार आवडलं, ऑफिसात लावलं आहे. आता सह्यांचा कागद पाठवावा!"

*

पुढं अनुदान मंजूर झालं आणि दूतावासाला फोटो पाहिजे झाले. ढोल आधी कसा होता आणि दुरुस्तीनंतर कसा झाला, दोन्ही. आता आली पंचाईत. आम्ही उत्साहाच्या भरात नवं कातडं आधीच चढवून मोकळे!

"जुनं कातडं कुठाय?" ताईंनी विचारलं.

जुनं कातडं आमच्या कारभारणीनं कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला ठोकलं होतं. मी ते काढायला गेलो तर ती आडवी आली. "काढा की! राती कोल्हा आला म्हंजी त्येला तुमचा फोटू दावते!"

शेवटी खुराड्याचाच फोटो काढायचं ठरलं. ताई मोबाईल धरून वाकल्या तशी कारभारणी म्हणाली, "काढा, काढा. पर खाली लिवा, ढोल ह्यांचा हाय. कोंबड्या माझ्या!"

*

एकदा मोबाईलवर मीटिंग होती. पलीकडं दिल्लीत दूतावासाचा गोरा साहेब आणि त्याचं बोलणं मराठीत सांगणारा एक माणूस. इकडं आम्ही सगळे एकाच मोबाईलसमोर. रेंज फक्त टेकावरच्या मोठ्या दगडावर, म्हणून सोळा जण त्या दगडावर चिकटून बसलेले. सिदाला मेंढरं वळवायला उठावं लागलं. माझा गुडघा दादूच्या बरगडीत रुतत होता आणि निरोप न्यायला मध्ये कोणी नाही.

दादूनं थोडा वेळ काढला. मग मोबाईलकडं तोंड करून म्हणाला, "आवं सायेब, त्या ढोलवाल्याला जरा सरकायला सांगा!"

मराठीवाल्यानं ते साहेबाला सांगितलं. साहेब गोंधळला. पण माणूस सभ्य. हात जोडून त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला. मराठीवाल्यानं आम्हाला सांगितलं, "साहेबांची विनंती आहे, कृपया थोडं सरकून बसावं."

माझ्या गुडघ्यापासून दादूची बरगडी वीतभरही लांब नव्हती. निरोप मात्र दिल्लीला जाऊन आला. मग काय करता? सरकलो!

*

त्यांची नाचणारी बाई आठ दिवस गावात राहिली. उंच, हसरी, भाकरी चुलीपुढं बसून खाणारी. आम्ही तिलाही ताईच म्हणायला लागलो. नाचायच्या आधी अंग मोकळं करायचं, असं तिचं म्हणणं. तिनं आम्हाला देवळापुढं सतरंज्यांवर उताणं झोपवलं. "डोळे मिटा. श्वासाकडं लक्ष द्या. अंग ढिलं सोडा." शुभांगीताई मराठीत सांगत होत्या.

जल्म गेला मेंढरांमागं उभं राहण्यात. दिवसाढवळ्या आम्हाला आडवं कोण होऊ देतंय? पाच मिनिटांत सोळाच्या सोळा घोरायला लागलो! त्या बाईला वाटलं, काय साधना आहे ह्या लोकांची. उठल्यावर तिनं विचारलं, "हे तुम्ही कुठं शिकलात?"

दादू डोळे चोळत म्हणाला, "शिकायला कशाला लागतंय ताई, कुणी उठवत न्हाई न्हवं, त्येवढं बघायचं!"

बाईची नजर मात्र बारीक. जायच्या आदल्या दिवशी शुभांगीताईंमार्फत सिदाला विचारते, "हे दोघं एकमेकांकडं बघत नाहीत. तरी पाय दोघांचे एकदम कसे उचलतात?"

सिदा म्हणाला, "लय जुनं दुखणं हाय ताई. त्येला अनुदान न्हाई."

*

आता त्या वाऱ्याच्या दिवसाचं.

कार्यक्रम शाळेच्या मैदानात. हीच ती शाळा. दूतावासाच्या मोठ्या बाई आल्या होत्या, पांढरी साडी नेसून. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरनं माणूस लोटलेलं. आशाताई पुढच्या रांगेत. कितीतरी दिवसांनी सोळा फेटे एका वर्तुळात उभे राहिले. मी ढोलावर पहिली थाप दिली, दादूचा कैताळ लगोलग पडला.

रंगात आलं तसा पोरांनी "चांगभलं!" म्हणून भंडारा उधळला. आमचा भंडारा कायम वर जातो. त्या दिवशी वाऱ्यानं तो आडवा नेला. मोठ्या बाईंची साडी पिवळी झाली, त्या टाळ्या वाजवायला लागल्या. आणि राहिलेला सगळा, मातीसकट, माझ्या घशात.

मला ठसका लागला. थांबेना. ढोल थांबला. कैताळ थांबला. नाच थांबला. मैदानात माझा खोकला तेवढा ऐकू येत होता. गाव एकदा माझ्याकडं बघे, एकदा दादूकडं. मोठ्या बाई शुभांगीताईंना काहीतरी विचारत होत्या. ताईंना तरी काय ठाऊक!

दादूनं कैताळ खाली ठेवला आणि सरळ माझ्याकडं आला. सवयीनं सिदा निरोप घ्यायला मध्ये सरकला. दादूनं त्याला हातानं बाजूला केलं. माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. मग अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाला,

"खोकलास न्हवं, भिवा? चल गड्या, शाळा हितंच हाय. चौदा दिस! घोंगडं मी आणून देतो."