बोरीमावशींचं लखलखीत काम

सेगेद शहरातल्या प्रयोगशाळेत काच धुवायला लागण्याआधी बोरबाला कोचिश, म्हणजे सगळ्यांच्या बोरीमावशी, स्टेशनच्या खानावळीत पेले पुसायच्या. पेला उजेडाकडे धरायचा, डाग दिसला की पुन्हा पुसायचा. प्रयोगशाळेतही त्यांनी हीच शिस्त चालवली. नळ्या धुवायच्या, रात्रभर भट्टीत भाजायच्या, सकाळी बाहेर काढून प्रत्येक नळी अंगठ्याने आणि सुती फडक्याने चमकवायची. हे शेवटचं काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

एतेल्का ही तरुण संशोधक पेशींमधून संदेशवाहक आरएनए वेगळं काढायची. कोणतं प्रथिन बनवायचं, हा निरोप ते पेशीत पोचवतं. एतेल्काच्या हाती मात्र त्याचे तुकडेच यायचे. तिने पाणी बदललं, रसायनं बदलली, मदतनीसही बदलला. काचेवर संशय घ्यायचं कारणच नव्हतं, ती लखलखत होती.

शरदात वरून आदेश आला: नाताळपर्यंत अखंड आरएनए दाखवा, नाहीतर विभाग बंद. विभागाबरोबर मावशींची नोकरीही जाणार होती. त्यांनी कंबर कसली. नळ्या दोनदा पुसू लागल्या.

एका सकाळी एतेल्का लवकर आली आणि दारातच थबकली.

"मावशी, हे काय करताय?"

"पुसतेय. दिसत नाही?"

"भाजल्यानंतर? उघड्या हातांनी?"

"हातमोजे घालून कधी काच चमकलीय का, डॉक्टरीणबाई?"

एतेल्काने स्टूल ओढलं. "बोटांवर आरएनए फाडणारं द्रव्य असतं. भट्टी ते मारते. तुम्ही ते परत लावता."

"मी रोज आंघोळ करते."

"राणीची बोटं असली तरी तेच."

"मग मी करू काय?"

"चिमट्याने काढायच्या, झाकायच्या. पुढे काही करायचं नाही."

"आणि काही न करण्याचा पगार घेऊ?"

"घ्या. इथे बरेच जण घेतात."

पुढचे आठवडे मावशींना फार जड गेले. नळीवर पांढुरका डाग दिसायचा आणि हात आपोआप पुढे जायचा. शेवटी त्या हात एप्रनच्या खिशात कोंबून उभ्या राहू लागल्या. मुकादमाने विचारलं, "बोरी, बरं नाही का?"

नाताळाआधी समिती आली. या वेळी आरएनए अखंड निघालं होतं. विभाग वाचला. जाता जाता एका सदस्याने नळी उजेडाकडे धरली. "संशोधन उत्तम," तो म्हणाला, "पण काच धुणाऱ्या बाईंनी जरा मनावर घ्यायला हवं."

एतेल्का मावशींच्या कानाशी पुटपुटली, "काही बोलू नका."

"मी कुठे काय करतेय," मावशी म्हणाल्या.