गाळ्यांच्या भाड्यावर आलेलं पाणी

महाड आणि पोलादपूरच्या मध्ये सावित्रीच्या अंगाला आमचं छोटं शहर आहे. नाव सांगत नाही, कारण यातली बहुतेक माणसं अजून रोज बाजारात भेटतात. पावसाळ्यात नदी घरात येते आणि एप्रिलमध्ये नळ कोरडे पडतात. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. आम्हाला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

मी नगरसेविका झाले ते आमच्या प्रभागाची जागा महिलांसाठी राखीव निघाली म्हणून. उभं राहायची तयारी माझ्या नवऱ्याने केली होती. बॅनरसाठी फोटोसुद्धा काढून झाला होता. सोडत निघाली त्या दिवशी तो दुकानातून घरी आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "तू उभी राहा. बाकीचं मी बघतो." मी बीकॉम आहे आणि त्याच्या दुकानाचा हिशोब लग्नापासून मीच ठेवते, त्यामुळे हा 'बाकीचं बघतो' प्रकार मला चांगला माहीत होता. मी निवडून आले. माहेरी, कापडे गावात, भावाने पेढे वाटले.

नगरपंचायतीत समित्या वाटल्या तेव्हा बांधकाम समितीसाठी चुरस झाली, पाणीपुरवठा मात्र कुणालाच नको होता. उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन सभापतीच्या दारात येतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नगराध्यक्ष म्हणाले की पाण्याचा प्रश्न बायकांनाच जास्त कळतो, आणि ते पद माझ्याकडे आलं. टाळ्या पण वाजल्या.

त्याच वर्षी शासनाची पाणीयोजना मंजूर झाली. नदीतून पाणी उचलायचं, शुद्ध करायचं, टेकडीवरच्या टाकीत चढवायचं आणि तिथून घरोघर सोडायचं. खर्चाचा मोठा भाग शासन देणार होतं, पण राहिलेला हिस्सा गावाने उभा करायचा होता. आमच्या तिजोरीतून पगार आणि रस्त्यावरचे दिवे जेमतेम भागत. मुख्याधिकारी नवीनच बदलून आलेले, अबोल गृहस्थ होते. ते सभेत म्हणाले की हिस्सा नसेल तर कर्ज काढावं लागेल, सगळी शहरं असंच करतात.

सगळ्यात ज्येष्ठ सदस्य उठले आणि म्हणाले की या गावाने आजवर कुणाचा एक पैसा घेतलेला नाही, ही आपली अब्रू आहे. त्यावर पुन्हा टाळ्या. मुख्याधिकारी टाळ्या थांबेपर्यंत थांबले. मग त्यांनी सांगितलं की अडचण तीच आहे. कर्ज देणारी संस्था आधी गावाची पत तपासते, आणि ज्याने कधी कर्ज घेतलंच नाही त्याची पत काय, हे कागदावर कुठेच दिसत नाही. जिचा आम्ही इतकी वर्षं अभिमान बाळगला ती अब्रू सावकाराच्या लेखी कोरी पाटी होती.

मग पतमानांकनासाठी मुंबईहून कुणीतरी येणार असं ठरलं. कंपनीचं नाव मोठं होतं, म्हणून कुणीतरी वजनदार साहेब येईल असं आम्ही धरून चाललो. इमारतीला रंग दिला, कुंड्या आणल्या, नदीचा घाट धुऊन काढला. टेकडीवर टाकीची जागा दाखवायला तिथलं गवत कापलं. जेवणाला तांदळाच्या भाकरी आणि गावठी कोंबडी होती. एकंदर थाट मुलगी दाखवायची असल्यासारखा होता.

आली ती तिशीच्या आतली एक मुलगी, पाठीवर सॅक घेऊन. महामार्गाच्या कामामुळे दासगावजवळ गाडी अडकली होती, म्हणून उशिरा आणि भुकेली. तिने भाकरी आवडीने खाल्ली. घाट बघायला तिने नम्रपणे नकार दिला. टाकीची जागाही नको म्हणाली. तिला एवढंच हवं होतं की लोक घरपट्टी वेळेवर भरतात का आणि भरत नसतील तर पालिका काय करते. नगराध्यक्ष म्हणाले, आम्ही लोकांना समजावतो. तिने ते लिहून घेतलं, आणि ते लिहून घेण्यासारखं नव्हतं हे आम्हा सगळ्यांना एकदम जाणवलं.

जेवणानंतर ती म्हणाली की मला बाजारातून एक फेरी मारायची आहे, कुणीतरी एकच जण सोबत या. पाण्याचा विषय म्हणून मला पाठवलं.

आमच्या बाजारात ट्रकांचा धंदा करणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत. त्यांना सगळे चाचा म्हणतात. मुलं कुवेतला, गाड्या अजून तेच बघतात. तिने त्यांना विचारलं की नळाला मीटर बसला आणि महिन्याला बिल आलं तर भराल का. चाचांनी आधी मला विचारलं की ही कोण. मी सांगितलं. त्यांनी तिला खुर्ची दिली, थंड मागवलं आणि मग म्हणाले, "न येणाऱ्या पाण्याची पट्टी आम्ही दर वर्षाला भरतोच की. येणाऱ्या पाण्याची का नाय भरणार?"

ती हसली. वाक्य तिने लिहून घेतलं आणि दोनदा वाचून खात्री करून घेतली. मला वाटलं, काम झालं. उत्साहाच्या भरात मी तिला चहाला घरी नेलं.

घरी सासूबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. मुलीने त्यांनाही तोच प्रश्न विचारला. सासूबाईंनी सूप खाली ठेवलं.

"पाण्याचे पैसे? कशाला? नदी काय त्यांच्या बापाची हाय?"

मी म्हटलं, "आई, नदीचे नाही, पाणी घरापर्यंत आणायचे पैसे."

"मंग इतकी वर्षं मी आणलंन डोक्यावरून, त्याचे कोन देनार गो?"

मुलीने पेन उचललं, मग तसंच खाली ठेवलं. चहा बिनसाखरेचा घेतला. निघताना मला हळूच म्हणाली की तुमच्या सासूबाईंचा मुद्दा बरोबर आहे, पण आमच्या अहवालात त्याला रकाना नाही.

परत जाताना ती पालिकेच्या गाळ्यांसमोर थांबली. एसटी स्टँडसमोर आमच्या नगरपंचायतीची दुकानांची दुमजली इमारत आहे, गावातली सगळ्यात मोक्याची. गाळे भाड्याने दिलेले, पण भाडं कुणाच्या तरी वडिलांच्या काळातलं. तिने भाडं विचारलं. मी सांगितलं. तिला वाटलं मी दिवसाचं सांगतेय. महिन्याचं म्हटल्यावर ती बराच वेळ त्या इमारतीकडे बघत राहिली. त्यातल्या कोपऱ्यावरच्या गाळ्यात माझ्या नवऱ्याचं भांड्यांचं दुकान आहे. तो काउंटरवरून हात हलवत होता.

अहवाल आला. शेरा फार चांगला नव्हता, पण नापासही केलं नव्हतं. कर्ज देणाऱ्या संस्थेने कळवलं की पैसे मिळतील, एका अटीवर. गाळ्यांचं भाडं बाजारभावाच्या जवळ न्यायचं, ते वेगळ्या खात्यात जमा करायचं आणि त्या खात्यातून कर्जाचा हप्ता पहिला वळता होईल. उरेल ते गावाचं. थोडक्यात, टेकडीवरची टाकी स्टँडसमोरच्या दुकानांच्या खांद्यावर उभी राहणार होती.

त्या संध्याकाळी नवरा जेवायला बसला आणि शांतपणे म्हणाला, "भाडं वाढवून तुम्ही पाणी आणणार. पाणी आलं की माझे ड्रम कोण घेणार?"

हे खरं होतं. उन्हाळ्यात आमचं दुकान चालायचं तेच पाणी साठवायच्या प्लास्टिकच्या ड्रमांवर आणि हंड्या-कळशांवर. मुलांच्या फिया त्यावर भरल्या होत्या. त्याने भाजी न आवडल्यासारखी बाजूला सारली. ती त्याची आवडती भाजी होती.

भाडेवाढीच्या ठरावाच्या सभेआधी मी मुख्याधिकाऱ्यांना भेटले. माझ्या नवऱ्याचा गाळा आहे, मी मत दिलं तर चालेल का, असं विचारलं. ते म्हणाले, नाही चालणार. ज्या सदस्याचा किंवा घरच्यांचा विषयात पैशाचा संबंध आहे त्याने मत देऊ नये, असा नियम आहे. मला वाईट वाटलं. इतकी धडपड करून माझंच मत बाद होणार होतं.

सभेला गर्दी होती. ज्येष्ठ सदस्य भाषण लिहून आले होते. गाळेधारक व्यापारी प्रेक्षकांच्या बाकांवर, त्यात संघटनेचा चिटणीस म्हणून माझा नवरा पहिल्या रांगेत. ठराव पडणार हे उघड होतं. विषय वाचला गेल्यावर मी उठले आणि म्हणाले, "माझ्या यजमानांचा गाळा आहे. नियमाप्रमाणे मी बाहेर जाते."

मी दारापर्यंत पोचले तेव्हा मुख्याधिकाऱ्यांनी, तितक्याच अबोलपणे, विचारलं की आणखी कुणाचा असा संबंध आहे का.

कुणी हललं नाही. गाळे कागदावर कुणाच्या भावाच्या, कुणाच्या सुनेच्या, कुणाच्या मेव्हण्याच्या नावे होते. पण आमच्या गावात कुणाचा गाळा कुणाचा हे शाळेतली पोरंसुद्धा सांगतील, आणि समोर बाकांवर तर प्रत्यक्ष शेजारचे गाळेवाले बसले होते. मागून कुणीतरी खोकलं. एक सदस्य उठले. मग दुसरे. ज्येष्ठ सदस्यांनी भाषणाची घडी खिशात घातली, काठी घेतली आणि तेही आले.

आम्ही सगळे बाहेरच्या व्हरांड्यात उभे राहिलो. शिपायाने चहा आणला. कुणी माझ्याशी बोलेना. आत कोरम कसाबसा शिल्लक होता. वाडीवरचे एक सदस्य होते, ज्यांचा बाजाराशी संबंध फक्त आठवड्याच्या मटणापुरता. बाकी बहुतेक माझ्यासारख्याच राखीव जागेवर आलेल्या बायका, ज्यांच्या घरी गाळा नव्हता आणि नळही नव्हता. चहा संपायच्या आत ठराव मंजूर झाल्याचं कळलं. ज्येष्ठ सदस्य कप ठेवत मला म्हणाले, "ताई, तुम्ही हिशोबाच्या बाई आहात हे विसरलोच होतो." ते कौतुक होतं की नाही, मी अजून ठरवू शकलेले नाही. खरं तर मी एवढा लांबचा विचार केलाच नव्हता. मी फक्त नियम पाळत होते. पण हे कुणाला पटत नाही, म्हणून आता मी सांगायचं सोडलंय.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवला. नवरा नगरपंचायतीसमोर माझ्याच खुर्चीविरुद्ध घोषणा देत होता. आवाज खणखणीत, मला आतपर्यंत ऐकू येत होता. खानावळीही बंदमध्ये सामील असल्यामुळे दुपारी तो जेवायला घरी आला. मीही आले. सासूबाईंनी दोघांना एकाच वेळी वाढलं आणि आमटीत मीठ कमी पडलंय का एवढंच विचारलं. बरेच दिवस आमचं बोलणं मुलांमार्फत चाललं. शेवटी भाडं एकदम न वाढवता टप्प्याटप्प्याने वाढवायचं असं ठरलं. ती तडजोड संघटनेच्या वतीने त्यानेच घडवून आणली आणि त्याबद्दल त्याचा सत्कार झाला. त्या सत्काराला मला बोलावलं नव्हतं, पण शाल मीच इस्त्री केली.

योजना उभी राहायला ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागला. पाइप टाकायला रस्ते खणले, मग एका पुरात खणलेलं सगळं बुजलं, मग पुन्हा खणलं. त्या काळात मी बाजारातून जाताना लोक खड्डा दाखवून नमस्कार करत. पाणी आलं तेव्हा आमची मुदत संपली होती. जागा या वेळी खुली होती; मी पुन्हा उभी राहिले आणि पडले. बायकांनी मला मतं दिली म्हणतात, पण बाजाराने एकमुखाने नाकारलं. उद्‌घाटनाच्या पाटीवर नव्या लोकांची नावं आहेत. भाषणात नवे नगराध्यक्ष म्हणाले की आधीच्या मंडळींनी गावाला कर्जात लोटलं, तरीही आम्ही गावाला पाणी दिलं.

पहिल्या दिवशी आमच्या नळाला पाणी आलं तेव्हा सासूबाईंनी घरातलं प्रत्येक भांडं भरलं, वाट्यासुद्धा. मी म्हटलं, उद्या पुन्हा येणार आहे. त्या म्हणाल्या, "येईल तवा बगू." आठवडाभराने त्यांनी वाट्या भरायचं सोडलं. पहिलं बिल आलं ते त्यांनी स्वतःच्या कनवटीच्या पैशातून भरलं. मला आश्चर्य वाटलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, फुकटच्या पाण्याबद्दल भांडता येत नाय. तेव्हापासून नळाला दाब कमी असला की त्या स्वतः पालिकेत जाऊन भांडतात, पावती घेऊन.

ड्रमांचा धंदा बसला. नवऱ्याने आता नळाच्या तोट्या, शॉवर आणि बेसिन ठेवायला सुरुवात केली आहे. ते ड्रमांपेक्षा बरं चालतं, पण हे तो माझ्यासमोर कबूल करत नाही.

गेल्या महिन्यात पाणीपुरवठ्याचा सध्याचा सभापती घरी आला. बाजारातल्याच एका गाळेवाल्याचा मुलगा, मला हरवून निवडून आलेला. सुरुवातीला बिचकत होता. मग म्हणाला की कर्जाचे हप्ते एकदाही चुकले नाहीत, त्यामुळे गावाचं मानांकन वर गेलंय, आणि मुंबईहून विचारणा आलीय की आणखी कर्ज हवंय का. गटारांसाठी. पाणी घरोघर गेलं, पण बाहेर कुठून जायचं हे त्या योजनेत नव्हतं, त्यामुळे खालची आळी सांडपाण्यात उभी आहे.

"काकी, घ्यावं का?" त्याने विचारलं.

मी घे म्हटलं. व्याजाचा दर आधीपेक्षा कमी मागायला सांगितला, कारण आता आपण नवखे नाही. मग विचारलं की यावेळी तारण काय मागतायत. त्याने अजून विचारलं नव्हतं. ते आधी विचार म्हणून मी सांगितलं आणि चहा ठेवायला उठले.