माझ्या हातची कॉफी

कचेरीच्या दारात अर्ज मी हातात देणार होते. कारकुनानं फूटपट्टी पुढं केली आणि पायरी दाखवली. "तिथं ठेव."

ठेवला. शिपायानं तांब्यातलं पाणी त्यावर शिंपडलं, मग दोन बोटांत धरून कागद टेबलावर नेला. कारकुनानं बघितलं. शाई फुटून सगळं निळं झालेलं.

"वाचता येत नाय. नवा लिहून आण."

असं एकदा नाही झालं. तीनदा झालं.

तिन्ही वेळा मी "हो जी" म्हटलं आणि घरी आले. भीती अशी बसलेली, की पाणी त्यांनीच टाकलं हे मनातसुद्धा पुरतं यायचं नाही. वाटायचं, आपलंच काही चुकलं. शाई पातळ झाली असेल.

अर्ज होता बंदरावर कॉफीची हातगाडी लावायचा. आमचं बंदरगाव रत्नागिरीपासून काही कोसांवर. पावसाळा सरला की मुंबईची आगबोट लागायची. बोट खोल पाण्यात थांबायची, माणसं पडावातून जायची-यायची. चाकरमानी बोटीची वाट बघत सकाळपासून धक्क्यावर बसून असायचे. चहावाला एक होता. कॉफी कुणाकडं नव्हती, आणि मला कॉफी येत होती.

मी म्हारवाड्यातली. नवरा मुंबईला गोदीत होता, तिथंच तापानं गेला. मागं मी आणि सासू. टेकडीवर मिठाच्या खात्याचा गोरा साहेब राहायचा. त्याच्या बंगल्यावर मी झाडलोटीला लागले. त्याचा कुक गोव्याचा, म्हातारा. हात थरथरायचे त्याचे. त्यानं मला बिया भाजायला शिकवलं, दळायला, फडक्यातून गाळायला. पुढं कॉफी मीच करायची, मागल्या खोलीत. कुक ती तबकात घालून बाहेर न्यायचा. सहा वर्षं. बाहेर कोण पितं, ते मी दाराच्या फटीतून बघायची. साहेब विलायतेला गेला तेव्हा कुकनं मला दळायचं यंत्र दिलं. म्हणाला, "बाये, तुजो हात बरो. बंदरार बस."

पण खाण्यापिण्याचं विकायचं तर कचेरीचा परवाना हवा.

चौथा अर्ज वाडीतल्या मास्तरनं शिसपेन्सिलीनं लिहिला. पाणी पडलं. अक्षर हललं नाही. कारकुनानं कागद उलटा-सुलटा करून बघितला. मग म्हणाला, "सोमवारी कमिटीपुढं उभी राहा."

सोमवारी मी कचेरीच्या अंगणात, उन्हात. पडवीत पाच-सहा जण खुर्च्यांवर. मधल्या खुर्चीवर गावातला मोठा वकील.

"काय गो, काय विकणार तू?"

"काफी, जी."

"आणि पिणार कोण?"

सगळे हसले. मीही हसले. भ्यालेलं माणूस हसतं.

वकिलानं अटी वाचल्या. गाडीवर जात लिहायची, मोठ्या अक्षरात. वरच्या जातीच्या माणसाला कप द्यायचा नाही. गाडी धक्क्यावर लावायची नाही, मसणवटीच्या वाटेला लावायची.

"मान्य असेल तर अंगठा कर."

शिपायानं शाईची डबी पायरीवर ठेवली, शेजारी कागद. मी खाली बसले. अंगठा शाईत बुडवला. खोटं कशाला सांगू? बुडवला. घरी सासू वाट बघत होती. मसणवट तर मसणवट, म्हटलं.

तेवढ्यात वकील शेजारच्याला म्हणाला, "ह्या लोकांच्या हातचं घशाखाली तरी उतरेल का हो?"

तो घसा मी ओळखत होते. दर शनिवारी संध्याकाळी बंगल्यावर यायचा तो. मान मागं टाकून कप संपवायचा आणि कुकला म्हणायचा, "फक्कड! अजून एक आण."

तोंडातून निघून गेलं.

"उतरलीय, जी."

"काय म्हणालीस?"

"मिठाच्या साहेबाकडं. दर शनिवारी, दोन कप. साखर दीड चमचा, दूध कमी. ती काफी मी करायची. कुक नाय."

पडवीत कुणीतरी सुपारी कातरत होतं, तो अडकित्ता थांबला. एक जण उगीच खोकला. वकील उभा राहिला, त्याच्या कपाळाची शीर फुगली होती.

"खोटारडी! हाकला हिला!"

शिपाई काठी घेऊन पायरी उतरला, आणि माझं लुगडं ओलं झालं. भीतीनं. सगळ्यांदेखत. हे सांगते, कारण माझं शूरपण असलंच होतं. पण अंगठा मी पदराला पुसला. कागदावर उठवला नाही.

गोष्ट माझ्याआधी वाडीत पोचली. वाडीतले थोरले आबा दारात येऊन बसले. "काय बोलून आलीस गो तू? उद्या त्यांनी गावकीची कामं बंद केली, वाट अडवली, तर पोरांनी काय खावं? जा, पाय धर त्यांचे." आबा वाईट नव्हते. तेही भ्यालेले होते.

आठ दिवस मी बाहेर पडले नाही. सासूनं दाराला आतून बांबू लावला. पाचोळा वाजला तरी काळीज उडायचं. वाटायचं, आले. घर पेटवायला आले.

नवव्या दिवशी तोच शिपाई आला. काठी नव्हती. लांब आंब्याखाली उभा राहून बोलला, आवाज मऊ.

"वकीलसाहेबांचा निरोप हाय. टेकडीवर नवा साहेब येतोय. तुला तिथं लावून देतो म्हणाले, पहिल्यासारखी. फक्त कमिटीपुढं सांगायचं, मी खोटं बोलले."

"काम काय?"

"तेच. मागल्या खोलीत काफी करायची. मागल्या दारानं जायचं-यायचं."

सासूनं माझ्याकडं बघितलं. घरात मूठभर नाचणी उरली होती. हो म्हणावंसं वाटलं, अगदी जिभेवर आलं होतं.

आणि मग मला ते दिसलं. वकिलाला माझी कॉफी हवीच आहे. शनिवार आला की याचा घसा सुकतो. कॉफीनं हा बाटत नव्हता. मी दिसले की बाटत होता.

"नाय म्हणून सांग."

इतकं हळू बोलले की त्याला ऐकू गेलं नाही. "काय?" मला परत म्हणावं लागलं. मोठ्यानं.

"नाय म्हणून सांग त्यांना!"

परवाना मला कधीच मिळाला नाही. पुढल्या बोटीला मी शेगडी आणि किटली डोक्यावर घेऊन धक्क्यावर जाऊन बसले, बिनपरवान्याची. एकानंही कप उचलला नाही. दुपारी हवालदारानं उठवलं, किटली जप्त केली. त्याच्या पुढच्या बोटीला कॉफी पातेल्यात केली आणि बसले. हात इतका कापत होता की उकळती कॉफी पायावर सांडली.

भीती गेली का, म्हणून लोक विचारतात. नाही गेली. अजून पोलिसाची टोपी दिसली की आधी पातेलं जवळ ओढते. पण ठरलं ते ठरलं. दाराआड उभी राहून, दुसऱ्याच्या नावानं, मी पुन्हा कुणासाठी कॉफी करणार नाही. ज्याला हवी त्यानं उजेडात यावं, माझं तोंड बघावं आणि माझ्या हातातून कप घ्यावा. नसेल घ्यायचा तर नसू दे. मी धक्क्यावर बसणार.